घराभोवतीचे घर

घर जुने झाले की माणसापुढे दोन वाटा असतात. पाडून नवे बांधावे, नाहीतर रंगसफेदी करून दिवाळीपुरते तरी झाकून न्यावे. फ्रँक गेरी या अमेरिकेतील वास्तुविशारदांनी तिसरीच वाट धरली.

कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर १९२० च्या सुमाराचे एक दुमजली गुलाबी घर होते. चारचौघांसारखे. ते हेरले गेरींच्या पत्नीने, बर्टाबाईंनी. १९७७ साली ते घेतले तेव्हा गेरी अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. हाती पैसा बेताचा. त्यांनी जुने घर जागच्या जागी राहू दिले आणि तीन बाजूंनी त्याच्याभोवती नवे घर गुंडाळले. वर्षभरात काम झाले. पण सामान कोणते? पन्हळी पत्रा, प्लायवुड आणि कुंपणाची तारेची जाळी! आपल्याकडे पत्रा म्हणजे परिस्थितीची खूण. तिकडेही शेजाऱ्यांना तो तसाच वाटला, आणि ते संतापले.

आत मात्र गंमत होती. नव्या पट्ट्यात स्वयंपाकघर आले. त्याला जमीन रस्त्यासारखी डांबरी, आणि वर काचेचा एक कललेला चौकोनी पेटारा, जणू आभाळातून पडून तिथे अडकलेला. जुन्या घराची बाहेरची भिंत आता स्वयंपाकघरातली भिंत झाली; जी खिडकी पूर्वी अंगणाकडे पाहत होती, ती आता चुलीकडे पाहू लागली. जुन्या खोल्यांतील गिलावा जागोजाग खरवडून त्यांनी आतला लाकडी सांगाडा उघडा केला. मला स्वतःला पत्र्यापेक्षा ही खिडकी मोठी वाटते. तिच्यामुळे जुने घर आश्रित न होता यजमान राहिले.

या सामानाची ओढ कुठून आली असेल? टोरांटोत गेरींच्या आजोबांचे खिळे-मोळ्यांचे दुकान होते, आणि आजी लाकडाचे तुकडे जमिनीवर पसरून नातवाबरोबर गावे रचीत बसे. एवढे सांगितले की पुरे.

खरा प्रसंग पुढेच घडला. १९८० साली त्याच गावात गेरींनी आखलेले ‘सांता मोनिका प्लेस’ हे मोठे बाजारसंकुल उघडले. ते उभारणाऱ्या कंपनीचे प्रमुख त्यांच्या घरी जेवायला आले. गेरी सांगत असत त्याप्रमाणे, पाहुण्यांनी चहूकडे पाहिले आणि म्हटले, की हे घर तुम्हाला आवडत असेल तर ते संकुल आवडणे शक्य नाही. आवडत नाहीच, असे गेरींनी कबूल केले. मग करता कशाला? पोटासाठी! तर मग सोडून द्या, असे पाहुणे म्हणाले. दोघांनी हात मिळवले आणि तसल्या कामांना पूर्णविराम मिळाला. कचेरीतील बहुतेक माणसांना मात्र जावे लागले. त्यांच्या घरी त्या रात्री काय बोलणे झाले असेल, हे कुणी लिहून ठेवलेले नाही.

पुढे १९८९ साली प्रिट्झकर पारितोषिक मिळाले आणि १९९७ साली स्पेनमधील बिल्बाओचे संग्रहालय उभे राहिले. ते जगाला ठाऊक आहे. दरम्यान मुलगे मोठे झाले, जागा अपुरी पडू लागली, तेव्हा १९९० नंतरच्या काही वर्षांत गेरींनी घर पुन्हा बदलले, नीटनेटके केले. यावर रसिक हळहळले, की पहिला रांगडेपणा गेला!

रसिकांचे काय, त्यांना तिथे राहायचे नव्हते.