सायकलवाले आज शोधतायत ती वाट लादणीच्या बैलांनी शोधली होती

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

हल्ली शनिवार-रविवारी पोलादपूरच्या नाक्यावर हेल्मेटवाली पोरं दिसतात. जाड टायरच्या गिअरच्या सायकली, पाठीला पाण्याची पिशवी. पुण्या-मुंबईकडची असतात, आता महाड-बिरवाडीचीही दिसायला लागलीत. बहुतेक जण आंबेनळी चढून महाबळेश्वर गाठतात किंवा वरंध्याने भोरकडे जातात. म्हणजे डांबरावरून. त्यातल्या एकाने परवा विचारलं, "काका, तुमच्याकडे एवढे डोंगर, एवढं रान, पण माउंटन बाईकची एकही ट्रेल कशी नाही?"

मी त्याला म्हटलं, बाबा, ट्रेली आहेत. दोन हजार वर्षांच्या आहेत. फक्त त्यांना आम्ही घाटवाटा म्हणतो, आणि आता त्या आम्हीच मोडतोय.

थोडं मागे जाऊ. महाडजवळची गांधारपाल्याची लेणी सगळ्यांनी पाहिलीत, निदान हायवेवरून तरी. साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातली. तिथे कुमार काणभोज विष्णुपालिताचा शिलालेख आहे. एवढा खर्च करून डोंगर कोरायचा तर जवळून पैसा वाहत असला पाहिजे, आणि तो सावित्रीतून येत होता. भरतीच्या पाण्याबरोबर बाणकोटच्या खाडीतून गलबतं आत यायची, मोठी दासगावला थांबायची, लहान महाडपर्यंत पोचायची. पण महाडला उतरलेला माल महाडात थोडाच खपणार? तो वर देशावर जायचा. मीठ, सुकी मासळी, नारळ वर, आणि धान्य, गूळ, कापड खाली. मधे सह्याद्रीची भिंत.

ही भिंत चढायला चाकाचा उपयोग नव्हता. मालाची ने-आण लादणीच्या बैलांवर व्हायची, वंजारी-लमाणांचे तांडेच्या तांडे. आणि बैलाचं एक आहे, पाठीवर गोण्या असताना तो उभ्या चढाला लागत नाही. अडतो. म्हणून डोंगराच्या पोटातून आडवी, वळणं घेत, दमाने चढणारी वाट काढावी लागली. जिथे धार निसरडी तिथे दगड रचून कड बांधली, पाणी आडवं काढून दिलं. कुणी इंजिनिअर नव्हता, बैल हाच इंजिनिअर.

यातली माझ्या सगळ्यात आवडीची पारघाटाची वाट. खाली आपल्या पोलादपूर तालुक्यातलं किनेश्वर, वर जावळीच्या खोऱ्यातलं पार. पारहून पुढे रडतोंडीचा घाट चढून महाबळेश्वर, मग वाई. महाड बंदर ते वाई बाजार असा हा रस्ता. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि लगेच भोरप्याच्या डोंगरावर प्रतापगड बांधायला काढला. गडावर उभं राहिलं की जागा का निवडली ते कळतं, पारची वाट अगदी नजरेच्या टप्प्यात. कावळ्या किल्ला वरंध्याच्या तोंडावर, तसंच ढवळ्याकडे चंद्रगड. आपण किल्ल्यांवर पोस्टी टाकतो, फोटो काढतो, पण किल्ले ज्या वाटांसाठी होते त्या वाटांचं नाव घेत नाही.

१६५९ मध्ये अफझलखान वाईहून फौज घेऊन पारला उतरला तो रडतोंडीनेच. आणि पुढे गंमत बघा. इंग्रजांना 'रडतोंडी' काही उच्चारता येईना, त्यांनी कागदोपत्री तिचं 'रोटुंडा' करून टाकलं! १८२७ ते १८३० मुंबईचा गव्हर्नर असलेल्या माल्कमने महाबळेश्वरला हवा खायचं ठिकाण वसवलं, तेव्हा साहेबलोकांच्या पालख्या-डोल्या याच बाजूने वर जायच्या. वाहणारे कोण, ते सांगायला नको.

मग दोन गोष्टी झाल्या. १८६३ मध्ये खंडाळ्याचा घाट चढून रेल्वे वर गेली आणि देशावरचा माल मुंबईकडे वळला. आणि १८७० च्या दशकात फिट्झगेराल्ड या गव्हर्नरच्या नावाचा घाटरस्ता झाला, म्हणजे आपला आंबेनळी. तो गाडीसाठी, चाकासाठी. पारघाट एका पिढीत ओस पडला. महाडचं बंदर मागे पडत गेलं, खाडी गाळाने भरली. वरंध्याला तर रस्ता काढताना कावळ्या किल्लाच मधून चिरला, आजही दोन्ही बाजूंना त्याचे तुकडे दिसतात.

पण वाटा मेल्या नाहीत. धनगरवाड्यांतली माणसं दूध घेऊन उतरत राहिली. सोयरिकी वर-खाली होत राहिल्या. केळदच्या मढे घाटाने तर परंपरेप्रमाणे तान्हाजीरावांचा देह सिंहगडावरून उमरठला आणला, नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात.

आता सायकलीकडे येतो. माउंटन बाईकचा जन्म कसा झाला माहितीय? कॅलिफोर्नियात मरिन म्हणून डोंगराळ भाग आहे. तिथे वणवे विझवायला वापरायचे मातीचे रस्ते होते. १९७० च्या दशकात काही पोरांनी भंगारातल्या जाड टायरच्या जुन्या सायकली त्यावरून खाली सोडल्या. २१ ऑक्टोबर १९७६ ला पहिली शर्यत झाली. तिचं नाव 'रिपॅक', कारण उतारावर मागच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं आणि ते परत भरावं लागायचं. वीस वर्षांत, १९९६ ला, हा खेळ ऑलिंपिकमध्ये. त्यांनी वाट नवी खोदली नव्हती, असलेली वापरली. आमच्या पिढीने नव्वदीत 'रेंजर'वर हेच केलं, फक्त त्याला खेळ म्हणतात हे घरच्यांना पटवता आलं नाही.

पुढे ट्रेल बांधणाऱ्यांनी अनुभवातून एक नियम धरला. डोंगराला जेवढा उतार, त्याच्या निम्म्याहून जास्त उतार वाटेला द्यायचा नाही, नाहीतर पाणी वाटेलाच ओढा समजतं. मी हा नियम वाचला तेव्हा पारघाट डोळ्यांसमोर आला. बैलाने हे आधीच ठरवलं होतं.

दोन वर्षांपूर्वी एका घाटवाटेवर सायकल घेऊन गेलो. निम्मा वेळ सायकल खांद्यावर, खोटं कशाला बोलू. एक आजी गवताचा भारा घेऊन उतरत होत्या. थांबल्या, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "बाला, सायकल तुला नेतेय का तू सायकलीला?" मग त्यांनीच सांगितलं की वरची दोन वळणं गेली. पोकलेनने थेट उभा रस्ता काढलाय, प्लॉटसाठी. गेलो तर खरंच. रचलेली दगडी कड दरीत लोटलेली, आणि नव्या रस्त्यात पहिल्या पावसाने कंबरभर घळ पाडलेली.

गावाला रस्ता नको असं मी म्हणत नाही. आजारी माणसाला डोलीतून उतरवणाऱ्या वाड्या अजून आहेत, त्यांना रस्ता आधी हवा. पण आपला डोंगर कसा आहे हे आपल्याला कुणी शिकवायला नको. २२ जुलै २०२१ ला तळियेत ऐंशीहून जास्त माणसं गेली, त्याच पावसात साखर सुतारवाडी आणि केवनाळेही. वरंधा तर दर पावसाळ्यात बंद करावा लागतो. अशा डोंगरात पाणी कुठून काढायचं हे ज्या वाटेला शेकडो वर्षं जमलं, ती बघायच्या आधीच बुजवायची?

करण्यासारखं काय? पहिलं, तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेखात आपला जुना गावनकाशा बघा. गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने, पायवाट एकेरीने दाखवलेली असते. रेषा असेल तर वाट 'नव्हतीच' असं कुणी म्हणू शकत नाही. दुसरं, शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. हे सहा महिने बहुतेकांचे 'बघू, बोलू' करण्यातच जातात. तिसरं, वाट वनात असेल तर वनखात्याची परवानगी लागते, सायकलीलाही. ग्रामसभेच्या ठरावात वाटेचं नाव घालून पत्र गेलं तर निदान कागद तयार होतो.

आणि सायकलवाल्या पोरांनो, या, पण पावसात मातीच्या वाटेवर टायर घालू नका, चरे पडतात. वर चढणाऱ्या डोक्यावर भारा असलेल्या माणसाला आधी जागा द्या. वाडीत पाणी मागा, जेवण सांगा, पैसे द्या.

मी सध्या दोन्ही तालुक्यांतल्या वाटांची नावं गोळा करतोय. वरंधा, पार, मढे, उपांड्या, गोप्या, ढवळे ही माहितीतली झाली. पण वाडी ते वाडी अशा कित्येक आहेत, ज्यांची नावं फक्त सत्तरीच्या पुढच्या माणसांना ठाऊक आहेत. घरी आजी-आजोबा असतील तर आज रात्री जेवताना विचारा, आणि वाटेचं नाव, वरचं गाव, खालचं गाव एवढं खाली लिहा.