सीमोल्लंघनाची पालखी आणि डॉक्टरांची तालीम

तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. विजयादशमीच्या पहाटे ती सिंहासनावरून काढतात, साड्यांचे दिंड गुंडाळून पालखीत ठेवतात, प्रदक्षिणा घालतात. मग देवी पलंगावर श्रमनिद्रेला जाते ती आश्विनी पौर्णिमेपर्यंत. पालखी बुऱ्हाणनगरची, पलंग घोडेगावचा, मूर्तीला हात लावण्याचा मान भोपे पुजाऱ्यांचा. संबळाच्या नादात आणि भक्तांच्या दाटीत तोंडी हुकूम कुठवर ऐकू जाणार? मूर्ती सुखरूप हलते, कारण कोणी काय धरायचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे. एकजुटीने काम करणे हा जन्मजात गुण नाही, ती पाठ करून अंगात मुरवलेली रीत आहे, असे मला या प्रथेवरून ठामपणे वाटते. वैद्यकीय शिक्षणात आणीबाणीचे नकली प्रसंग उभे करून तालीम घेतात, तीही याचसाठी.

अशी रीत आधी बसलेली नसली तर काय होते, हे तुळजापूरच्याच धाराशिव जिल्ह्याने सोसले आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि सुमारे 10 हजार जीव गेले. धावून येणाऱ्यांची वाण नव्हती. पण राज्याची आपत्ती व्यवस्थापन योजना तयार झाली ती या भूकंपानंतर.

कोणी म्हणेल, परंपरेतली कामे मानाची. तिथे धाकट्याने थोरल्याला अडवायचे नसते, रुग्णाच्या खाटेपाशी मात्र अडवावे लागते. आक्षेप खरा आहे. 1977 मध्ये टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमाने आदळून 583 माणसे मेली. त्याआधी काही क्षण उड्डाण अभियंत्याने शंका विचारली होती. कप्तानाने ती बाजूला सारली. त्यानंतर विमानचालकांना एकमेकांना टोकण्याचेही शिक्षण मिळू लागले, आणि स्टॅनफर्डचे भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा यांनी ते शस्त्रक्रियागृहात आणले. म्हणजे जागा ठरवणे आणि ‘थांबा’ म्हणण्याचा हक्क देणे, दोन्ही शिकवावे लागते. रुग्णाच्या जागी ठेवलेल्या पुतळ्यावर केलेली तालीम खोटी असते, हा दुसरा आक्षेप मला तितका वजनदार वाटत नाही. तिथे झालेल्या चुकीने कोणाचा जीव जात नाही, हाच तिचा उपयोग.

धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांची तालीम परिचारिका आणि रुग्णवाहिकेच्या चालकांसह व्हावी, आणि दरवर्षी नवरात्राच्या आधी तुळजापुरात, मंदिराच्या उतरत्या पायऱ्यांवर व्हावी.