मूरचा पूल कुणाचा?

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, व्हाइट्सबर्ग गावाजवळ चॅटाहूची नदीवर एक लाकडी पूल होता. लांबी सुमारे ४८० फूट, वर घरासारखं छप्पर. आज तो नाही. तरी मी त्याच्यावर लिहितोय, कारण पूल उभारणारा माणूस जन्मानं गुलाम होता, आणि नाव लागलं ते मूरचं.

होरेस किंग. जन्म १८०७, साउथ कॅरोलिना. जॉन गॉडविन या ठेकेदाराची तो मालमत्ता. गोठ्यातला बैल असतो तशी. १८३२ साली दोघं कोलंबसला पूल बांधायला आले. त्याच साली नदीपल्याडच्या अलाबामात कायदा झाला : गुलामाला लिहावाचायला शिकवील त्याला दंड. आता बघा दोस्तांनो. अक्षराला बंदी, पण खांब कुठं रोवायचा, ओझं किती पेलेल, हे गुलामाच्या डोक्यातून आलेलं मालकाला चालत होतं. आपल्याला हे नवं नाही. आपले हात चालतात, आपण चालत नाही.

या पुलांच्या बांधणीचं पेटंट इथिएल टाउन यानं १८२० साली घेतलेलं. फळ्या तिरक्या, एकमेकींना छेदत लावायच्या, म्हणजे जाळी होते. सांध्यात लाकडाच्या खुंट्या ठोकायच्या. पावसानं लाकूड कुजू नये म्हणून वर छप्पर. किंग या कामात वस्ताद झाला. १८४६ साली गॉडविननं त्याला मुक्त केलं. पण मुक्त झालेल्या गुलामानं राज्य सोडून जावं असा नियम! किंगला अलाबामात राहता यावं म्हणून विधिमंडळाला खास कायदा करावा लागला.

१८५८च्या सुमारास मूर आणि मेब्री या दोघांसाठी त्यानं व्हाइट्सबर्गचा पूल बांधला. रोख मजुरीच्या जागी मालकीचा तिसरा हिस्सा घेतला. त्याची बायको फ्रान्सिस जन्मानं मुक्त होती. ती लेकरांसह पुलाजवळ राहिली, शेती केली, टोल गोळा केला. भोवती सगळा गुलामधारकांचा मुलूख, आणि पूल ओलांडायचा तर पैसे हिच्या हातावर ठेवायचे!

मग युद्ध आलं. १३ जुलै १८६४ला जनरल स्टोनमनचं उत्तरेचं घोडदळ पुलावर पोचलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पूल जाळला. गुलामगिरी मोडणारी फौज ती, आणि तिच्याच हातून एका माजी गुलामाच्या घरची मिळकत राख झाली. फ्रान्सिस त्याच वर्षी वारली. ही गोष्ट झाकून ठेवायची का? मी म्हणतो, नाही. मुक्तीची लढाई खरी, आणि या घराचं नुकसानही खरं. दोन्ही लिहिल्याशिवाय तो आपला इतिहास होत नाही.

युद्धानंतर किंग अलाबामाच्या विधिमंडळात निवडून गेला, १८६८ ते १८७२. पुढच्याच वर्षी, १८७३ला, इकडे जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ छापली आणि अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या माणसांना अर्पण केली. किंग १८८५ साली गेला. त्याच्या नावावर सांगितला जाणारा रेड ओक क्रीकचा छपराचा पूल जॉर्जियात अजून उभा आहे.

तुम्ही आपापल्या गावी जाल तेव्हा पुलावरची, धरणावरची पाटी वाचा. मग वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारा, दगड कुणी वाहिले? सांगतील ती नावं वहीत उतरवा. म्हातारी माणसं फार दिवस थांबत नाहीत.