बार्सिलोनाच्या ट्राम आणि टेलिफोन

सरकार जितके कमी तितके बरे. माणसे आपापसांत ठरवून आपले व्यवहार चालवतील, हे मत आजकाल बहुधा व्यापारी मंडळींकडून ऐकू येते. वस्तुतः ‘लिबर्टेरियन’ हे नाव प्रथम लावून घेतले ते राज्यसंस्था नको म्हणणाऱ्या समाजवाद्यांनी. या मताने मोठ्या समाजाचा गाडा हाकता येईल काय, याचा विचार हवेत करण्यापेक्षा जेथे तो हाकून पाहिला गेला तेथेच जावे. म्हणून आम्ही श्रोत्यांना सुमारे दहा लाख वस्तीच्या बार्सिलोना शहरात, १९३६ च्या जुलैत नेतो.

तेथे सी. एन. टी. ही कामगार संघटना १९१० पासून होती. पगारी पुढारी जवळजवळ नाहीत, संपनिधी नाही, निवडणुकीला उभे राहायचे नाही, असा तिचा खाक्या. (आमच्यासारख्या पावतीपुस्तक घेऊन फिरणाऱ्याला निधीवाचून संप या कल्पनेनेच धडकी भरते, पण १९१९ मध्ये याच लोकांनी वीज कंपनीतला संप ४४ दिवस लढवला आणि त्यापाठोपाठ स्पेनमध्ये आठ तासांच्या दिवसाचे फर्मान निघाले.) १९ जुलै रोजी शहरात लष्कराने बंड केले; ते कामगारांनी व सरकारशी इमान राखणाऱ्या पोलिसांनी दोन दिवसांत मोडले. कॅटलन सरकारचे अध्यक्ष कोंपानीस यांनी संघटनेच्या पुढाऱ्यांना बोलावून, शहर आता तुमच्या हाती आहे, असे सांगितले. सर्व सत्ता घ्यावी, असे गार्सिया ओलिव्हेर यांचे मत पडले. बहुतेकांनी नाकारले. सत्तेचेच विरोधक सत्ता कशी घेणार? सरकार त्यांनी मोडले नाही आणि चालवलेही नाही. जागच्या जागी राहू दिले.

कारखाने मात्र चालवले. ट्रामचेच घ्या. सुमारे सात हजार कामगार. वरिष्ठ अधिकारी पळालेले, रस्तोरस्ती अडथळे रचलेले. काही दिवसांतच तांबड्या-काळ्या रंगाच्या गाड्या धावू लागल्या. आम्हांला याचे नवल वाटत नाही. मोटरमन, कंडक्टर, तारा जोडणारे, प्रत्येकाला आपले काम ठाऊक असते, आणि कामचुकार कोण हेही. दीडशे माणसांच्या खात्यात पाळ्यांची वाटणी मुकादमावाचून होते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

अडले ते कापडगिरण्यांपाशी. कापूस परदेशाहून येई; त्यासाठी लागणारे परकी चलन मध्यवर्ती सरकारच्या ताब्यात. स्पेनचा मोठा भाग शत्रूकडे गेल्याने गिऱ्हाईकही तुटले. ज्या गिरणीच्या गोदामात माल होता तिचे कामगार निभावले, शेजारच्या गिरणीतले बसून राहिले. एकीची शिल्लक दुसरीला कोणी, कोणत्या हक्काने द्यायची? २४ ऑक्टोबर १९३६ च्या फर्मानाने शंभरांवर कामगार असलेले कारखाने सामुदायिक ठरवले खरे, पण बँका संघटनेने हाती घेतल्याच नव्हत्या. कारखाने कामगारांचे आणि तिजोरी सरकारची, असा हा संसार! राज्य नको म्हणणाऱ्यांनी राज्याची सर्वांत बळकट किल्ली राज्याच्याच कमरेला राहू दिली. पुढच्याच महिन्यात त्यांचे चौघे जण मंत्री झाले. त्यांत आरोग्यखात्याच्या फेदेरिका मोंतसेनी या स्पेनमधल्या पहिल्या स्त्रीमंत्री. याला कोणी फितुरी म्हणतात. शत्रू माद्रिदच्या वेशीवर आला असता दुसरे काय करायचे होते, हे त्यांनी सांगावे.

आता टेलिफोन. ट्राम चालवणारा आणि तीत बसणारा यांचे हित बव्हंशी एकच. टेलिफोनचे तसे नव्हते. तेथले कामगार मंत्र्यांचे बोलणे ऐकत, प्रसंगी तोडीत. सरकार म्हणे, युद्धात आमचे बोलणे गुप्त हवे. कामगार म्हणत, ही कचेरी आम्ही रक्त सांडून घेतली आहे. दोघांनाही बाजू होती. दोघांचा निवाडा करील असा तिसरा कोणी उरला नव्हता. ३ मे १९३७ रोजी पोलीस कचेरीत शिरले, आतून गोळ्या सुटल्या. चार-पाच दिवसांत शेकडो माणसे मेली. शस्त्रे खाली ठेवा, असे रेडिओवरून विनवण्याची पाळी ओलिव्हेर व मोंतसेनी यांच्यावर आली.

हा प्रयोग युद्धाने मारला, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, असे त्यांचे पाठीराखे सांगतात. ते निम्मे खरे आहे. युद्ध नसते तरी कापसाची वाटणी करावीच लागली असती, आणि ती करणारी जी सभा बसली असती तिला नाव काहीही दिले तरी तिचा निर्णय न मानणाऱ्या गिरणीचे काय करायचे, हा प्रश्न तिच्यापुढे पहिल्याच आठवड्यात आला असता.

२६ जानेवारी १९३९ रोजी फ्रँकोचे सैन्य बार्सिलोनात शिरले. कारखाने आणि ट्रामगाड्या जुन्या मालकांकडे परत गेल्या.