आईपणाची पूर्वअट

मराठी वाचकाला चांगल्या आईचे उदाहरण विचारले, तर बहुधा एकच नाव पुढे येते. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेले 'श्यामची आई' हे पुस्तक, आणि त्यावरून आचार्य अत्रे यांनी काढलेला १९५३ सालचा चित्रपट, यांनी आईची जी मूर्ती घडवली ती आजही वर्गात आणि वर्गाबाहेर प्रमाण मानली जाते. त्या मूर्तीविषयी आमची तक्रार नाही. मात्र तिच्या आधीच्या सत्तर वर्षांत महाराष्ट्रात आईपणाचा प्रश्न कसकसा उभा राहिला हे ध्यानात घेतल्यावाचून ते पुस्तक पुरते वाचून होत नाही, असे आम्हांला वाटते.

हा प्रश्न प्रथम न्यायालयात उभा राहिला. बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवर काढलेल्या टिपणांवर जोतीराव फुले यांनी १८८४ साली अभिप्राय लिहिला. त्यात पुण्यातील एका तरुण ब्राह्मण विधवेची हकीकत येते. गर्भ पाडण्याचे उपाय फसले, मूल जन्मले. अब्रूच्या भयाने तिने ते मारून विहिरीत टाकले. तिला जन्मठेपेवर अंदमानात धाडण्यात आले. या घटनेने व्यथित होऊन फुले दांपत्याने १८६३ साली आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि 'येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हा' अशा आशयाची पत्रके ब्राह्मणवस्तीतल्या भिंतींवर लावली. तोवर ३५ गर्भवती विधवा तेथे आल्या होत्या. त्यांच्या मुलांपैकी पाच जगली, तीस दगावली. गर्भ लपविण्यासाठी आयांनी आधीच घेतलेली विषारी औषधे हे या मृत्यूंचे कारण फुले देतात.

या आकड्यापाशी थोडे थांबले पाहिजे. औषध पोटात गेले ते आईच्याच हातून. परंतु तो हात कशाने हलला? गृहाच्या पायरीपर्यंत आलेली स्त्री मूल जगावे म्हणूनच आली होती. तिला दार सापडले, पण उशिरा. चांगली आई आणि वाईट आई यांमधली रेषा येथे स्वभावातून जात नाही. दार केव्हा उघडले, यावरून ती ठरते.

सुरतेकडील विजयालक्ष्मी या विधवेला असे दारच नव्हते. १८८१ साली बालहत्येच्या आरोपावरून तिला फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी होत पाच वर्षांवर आली. या निमित्ताने वृत्तपत्रांतून विधवांच्या, आणि मग एकंदर स्त्रीजातीच्याच नीतीची चिरफाड सुरू झाली. तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. स्त्रियांवर लादलेले दोष पुरुषांत नाहीत काय, हा त्यांचा मूळ सवाल. खटल्याच्या कागदांत आई एकटी उभी असते. ताराबाईंनी तिच्या शेजारी त्या मुलाच्या जन्माला आणि तिच्या भयाला कारण झालेल्या सर्वांना आणून उभे केले, हे त्यांचे मोठे काम. फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, तरी ग्रंथ विस्मृतीत गेला. स. गं. मालशे यांनी १९७५ साली तो पुन्हा प्रकाशात आणला. 'श्यामची आई' घरोघर वाचली गेली त्या चाळीस वर्षांत तिच्याशेजारी ठेवून वाचावा असा हा ग्रंथ वाचकांपुढे नव्हता, याचा परिणाम आमच्या आईविषयीच्या कल्पनांवर झालाच असणार.

याच काळात आईपणाचे आणखी एक रूप दिसते. एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत याला फुले दांपत्याने दत्तक घेतले, डॉक्टर केले आणि जोतीरावांनी १८८७ च्या मृत्युपत्रात त्याला वारस नेमले. १८९७ च्या प्लेगात त्याच्यासह रुग्णांची शुश्रूषा करतानाच सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च रोजी त्या गेल्या. जन्म न देताही आई होता येते याचा हा दाखला आहेच; पण जन्म देणाऱ्या आईला गुन्हेगार होण्यापासून वाचवणे हेही आईपणच, हे सावित्रीबाईंनी त्याआधीच दाखवून दिले होते.

आता पुन्हा श्यामच्या आईकडे वळू. पायांइतकेच मनालाही जपायला शिकवणारी ही माउली थोर खरीच. पण तिच्यापाशी नवरा होता, कुळाचे नाव होते, मुलाला उघडपणे 'माझा' म्हणण्याची मुभा होती. हे पायाखाली असल्यामुळेच तिचे संस्कार उभे राहू शकले. तरीही कर्ज, जप्ती आणि आजारपण यांनी तिला अकाली नेले. तेव्हा 'श्यामची आई' शिकवताना 'आई कशी असावी' एवढाच प्रश्न फळ्यावर लिहून भागणार नाही. आईला आई होऊ देण्यासाठी भोवतालच्यांनी काय करावे लागते, हा दुसरा प्रश्नही त्याखाली लिहावा लागेल. आणि त्याचे उत्तर शोधायला विद्यार्थ्यांना १८६३ च्या पुण्यात न्यावे लागेल.