घंटेचा निर्णय : ‘नोदोजिमान’चा इतिहास आणि मूल्यनिर्णयाचा प्रश्न

१५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानी जनतेने आपल्या सम्राटाचा आवाज नभोवाणीवरून प्रथमच ऐकला. शरणागतीचा तो संदेश दरबारी भाषेत असल्यामुळे अनेकांना नीटसा उमगला नाही. पाच महिन्यांनी, १९ जानेवारी १९४६ रोजी, एनएचके या त्याच प्रसारणसंस्थेने ‘नोदोजिमान शिरोतो ओंगाकुकाई’ हा कार्यक्रम सुरू केला. ‘नोदो’ म्हणजे गळा, ‘जिमान’ म्हणजे स्वतःविषयीचा अभिमान, ‘शिरोतो’ म्हणजे पेशाने कलावंत नसलेला, हौशी माणूस. ज्या माध्यमातून सत्ता बोलत आली होती, त्याच माध्यमातून आता सामान्य माणूस गाऊ लागला. १९५३ मध्ये ही स्पर्धा दूरचित्रवाणीवर आली. दर रविवारी दुपारी गावोगावच्या सभागृहांतून तिचे थेट प्रक्षेपण होते, आणि ऐंशी वर्षांनंतरही ती चालू आहे.

अशा स्पर्धांचा इतिहास बहुधा त्यांतून पुढे आलेल्या गायकांच्या नामावळीच्या रूपात सांगितला जातो. ‘नोदोजिमान’च्या बाबतीत ही पद्धत अपुरी ठरते, कारण येथे मूळ प्रश्न मूल्यनिर्णयाचा आहे. आरंभी परीक्षकांचा निर्णय शब्दांत सांगितला जाई. अनुत्तीर्ण स्पर्धकाला ‘केक्को देस’ असे म्हणत. या शब्दप्रयोगाचा अर्थ ‘आता पुरे’ असाही होतो आणि ‘उत्तम’ असाही. काही स्पर्धक त्याचा आपल्याला सोयीचा अर्थ घेत, असे सांगितले जाते. हा घोटाळा टाळण्यासाठी घंटा आली. एक किंवा दोन टोल म्हणजे अपयश, घंटांची पूर्ण सुरावट म्हणजे यश. अशा रीतीने भाषेतील द्व्यर्थता निकालात निघाली. मात्र निर्णयाचे कारण सांगण्याची शक्यताही तिच्याबरोबरच संपली. घंटा मूल्य सांगते, निकष सांगत नाही.

हे निकष किती काळबद्ध असतात, हे पहिल्याच वर्षातील एका प्रसंगावरून दिसते. पुढे मिसोरा हिबारी या नावाने विख्यात झालेली मुलगी १९४६ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, या स्पर्धेच्या चाचणीत ‘रिंगो नो उता’ हे त्या काळी घरोघरी पोहोचलेले गाणे गायली. तिच्या चरित्रांत हा प्रसंग आवर्जून येतो. तिच्या गाण्यात उणीव नव्हती. परंतु लहान मुलीने प्रौढांचे गाणे प्रौढांच्या ढंगात गावे, हेच परीक्षकांना अनुचित वाटले, आणि तिच्यासाठी घंटा वाजली नाही. येथे सुराची पारख झालीच नाही. ‘बालगायन’ या प्रकाराविषयीचा रूढ संकेत मोडला गेला आणि संकेतभंगालाच दोष ठरवण्यात आले. तीन वर्षांनी, १९४९ मध्ये, हीच मुलगी ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट यांतून देशभर पोहोचली. परीक्षक चुकले, एवढेच म्हणून हा प्रसंग बाजूला सारणे योग्य नाही. साहित्यातही प्रकारभेदाच्या चौकटीत न बसणाऱ्या कृतीला असाच अबोल नकार मिळत आला आहे.

दुसरा प्रसंग १ ऑगस्ट १९४८ चा आहे. युद्धानंतर सोव्हिएत सत्तेने सुमारे ६ लाख जपानी सैनिकांना सायबेरियात कामाला जुंपले होते. तेथून परतलेला नाकामुरा कोझो हा सैनिक त्या दिवशी ‘नोदोजिमान’मध्ये ‘इकोकु नो ओका’, म्हणजे ‘परक्या मुलखातील टेकडी’, हे गाणे गायला. या गाण्याचा कर्ता कोण, हे श्रोत्यांना ठाऊक नव्हते. योशिदा तादाशी यांनी युद्धकाळात केलेल्या एका सैनिकी गीताच्या चालीवर मासुदा कोजी या कैद्याने छावणीत नवे शब्द बसवले होते, आणि ते मुखोद्गत होत छावणीछावणीत फिरले होते. त्याच वर्षी त्याची ध्वनिमुद्रिका निघाली आणि संगीतकार म्हणून योशिदा यांची ओळख पटली. अखेरचे कैदी डिसेंबर १९५६ मध्ये परतले. म्हणजे हे गाणे ऐकणाऱ्या असंख्य घरांत त्या वेळी कोणाची ना कोणाची वाट पाहिली जात होती.

चाल तीच राहिली, परंतु कूचगीताचे विरहगीत झाले. कर्त्याचा हेतू मागे पडला. गाणाऱ्याची स्थिती आणि ऐकणाऱ्यांची प्रतीक्षा यांनी अर्थ घडवला. हा अर्थ व्यावसायिक गायकाच्या द्वारे याच रूपात पोहोचणे कठीण होते, कारण नाकामुराचा अधिकार आवाजाच्या तयारीतून आलेला नव्हता, भोगलेल्या अनुभवातून आलेला होता. ‘हौशी’ या संज्ञेत केवळ कौशल्याचा अभाव पाहणारी व्याख्या येथे कोलमडते. हौशी गायनात गाणे आणि गाणाऱ्याचे जीवन यांत अंतर ठेवण्याची सक्ती नसते. त्याचे सामर्थ्य तेथेच आहे.

या दृष्टीने एप्रिल २०२३ मध्ये झालेला बदल विचारात घ्यावा लागतो. तोवर स्पर्धकांना मंचावरील वादकवृंदाची साथ असे. गाणारा घाईत पुढे गेला किंवा भांबावून मागे राहिला, तर वादक त्याला सांभाळून घेत. आता साथ ध्वनिमुद्रित असते. नव्या गाण्यांची गुंतागुंतीची वाद्ययोजना लक्षात घेता या बदलाला काही व्यावहारिक आधार आहे, आणि मूळ गीतासारखीच साथ मिळावी अशी तरुण स्पर्धकांची अपेक्षाही समजण्यासारखी आहे. तथापि त्यामुळे एक नाते उलटे झाले. पूर्वी संगीत माणसाच्या मागे जात असे. आता माणसाने संगीताच्या मागे जावयाचे आहे. ज्या स्पर्धेत घंटा वाजेपर्यंत का होईना, अडखळणाऱ्या गळ्यालाही साथ मिळत होती, तिने ही साथ गमावली आहे. हौशी माणसाला केवळ गाण्याची संधी द्यावयाची, की त्याच्या गाण्याशी जुळवूनही घ्यावयाचे, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा उभा राहिला आहे. घंटेजवळ त्याचे उत्तर नाही.