बोलाचें कुलूप

लिहिलेला शब्द पेटींत घालून कुलूप लावतां येतें. बोललेला शब्द ठेवावयाचा कोठें? तो ओठांबाहेर पडला कीं वाऱ्याचा झाला, आणि वाऱ्यावर कोणाचीच मालकी नाहीं. भिंतीलाही कान असतात असें आपले वाडवडील सांगत आले, तें अनुभवानेंच. या कानांपासून बोल कसा राखावा, हा प्रश्न राजेरजवाड्यांस पडला, धर्मपंथांस पडला, व्यापाऱ्यांस पडला आणि शाळकरी पोरांसही पडला. त्या प्रश्नाचीं उत्तरें काळोकाळ कशीं बदलत गेलीं, याचा थोडा विचार आज वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

आरंभीं घरचीच एक गोष्ट सांगतों. आमच्या लहानपणीं, १९८० च्या सुमारास, बीड जिल्ह्यांतील आमच्या गांवीं परगांवचा टेलिफोन म्हणजे ट्रंक कॉल. तो लावून देणाऱ्या मनुष्याच्या कानावर सगळा संवाद पडे, आणि कानावर पडलेलें पोटांत राहीच असें नाहीं. एकदां आत्याच्या लग्नाची बोलणी फोनवर झाली, ती आजोबा घरीं पोंचण्यापूर्वीच आळींत पोंचली. पुढच्या खेपेस काका पुण्यास स्थळ पाहावयास निघाले, तेव्हां आजोबांनीं त्यांच्याशीं संकेत ठरविला: मंडळींनीं होकार दिला तर ‘पाऊस झाला’ म्हणावें, नकार असेल तर ‘पाऊस नाहीं’ म्हणावें. काकांचा फोन आला. त्यांनीं प्रथम सवयीनें पावसाचीच चौकशी केली आणि ‘इकडेही पाऊस नाहीं बरें,’ असें खरेंखुरें सांगून टाकलें. तोंच फोन तुटला. आजोबा दोन दिवस जेवले नाहींत. तिसऱ्या दिवशीं काकांचें पत्र आलें, तेव्हां होकार कळला! ज्या जिल्ह्यांत पावसाखेरीज दुसरा विषय नाहीं, तेथें पावसाचा संकेत करूं नये, हा धडा त्या दिवशीं घरानें घेतला. संकेत करणें सोपें. दोन्हीं टोकांस एकाच क्षणीं एकच अर्थ लागला पाहिजे, हें कठीण. पुढें ज्या मोठाल्या यंत्रांची कथा सांगावयाची आहे, त्यांचीही मुख्य अडचण हीच होती.

गुप्त बोलण्याची कला आपल्याकडे जुनी आहे. वात्स्यायनानें कामसूत्रांत चौसष्ट कला मोजल्या आहेत. त्यांत ‘अक्षरमुष्टिकाकथन’ आणि ‘म्लेच्छितविकल्प’ या दोन कला याच विषयाच्या आहेत. यशोधराच्या टीकेंत ‘मूलदेवीय’ नांवाची रीत दिली आहे. तींत अक्षरांच्या जोड्या ठरलेल्या असत: च च्या जागीं ट आणि ट च्या जागीं च, त च्या जागीं प, न च्या जागीं म. या रीतीनें ‘मन’ म्हणावयाचें तर ‘नम’ म्हणावें, आणि ‘मत’ म्हणावयाचें तर ‘नप’. बोटांच्या खुणांनीं बोलण्याची करपल्लवी आणि डोळ्यांच्या खुणांची नेत्रपल्लवी हे शब्द तर आपल्या भाषेंत रुळलेलेच आहेत. जनावरांच्या बाजारांत दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखालीं एकमेकांचीं बोटें दाबून भाव ठरवितात, तीही करपल्लवीच. भोंवतीं शंभर माणसें उभीं असतां बैलाची किंमत दोघांसच कळते.

पोरांची ‘च’ची भाषा याच कुळांतली. शब्दाचें पहिलें व्यंजन काढून तेथें च बसवावा आणि काढलेलें व्यंजन शेवटीं जोडावें. मग ‘मला पाणी दे’ याचें ‘चलाम चाणीप चेद’ होतें. वडील मंडळी चार दिवस गोंधळतात. पांचव्या दिवशीं त्यांस सगळें समजूं लागतें. कां, तर कुलूप जरी लावलें तरी त्याची किल्ली सर्वांस ठाऊक असते, आणि मनुष्याचा कान फार लवकर शिकतो.

याहून गंभीर उदाहरण आमच्या जिल्ह्याशींच जोडलेलें आहे. गेवराई तालुक्यांत गोदावरीकांठीं पांचाळेश्वर आहे. महानुभाव पंथाचें तें आत्मतीर्थ, श्रीदत्तात्रेयांच्या नांवानें पूज्य मानलेलें स्थान. या पंथाचा भाषेविषयींचा बाणा सर्वांस ठाऊक आहे. श्रीचक्रधरांनीं आपला उपदेश मराठींत केला; त्यांच्यामागें आचार्यपदीं आलेल्या नागदेवांनीं संस्कृताचा आग्रह धरणाऱ्या शिष्यास अडविलें, आणि तसें केल्यानें आपल्या म्हाताऱ्या बाया ज्ञानास मुकतील असें कारण सांगितलें, ही आठवण स्मृतिस्थळांत आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत म्हाइंभटांनीं लीळाचरित्र सिद्ध केलें आणि मराठी गद्याचा पाया घातला. असा हा म्हाताऱ्यांची कळकळ बाळगणारा पंथ. त्यानेंच चौदाव्या शतकांत आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहावयास आरंभ केला. त्यांतली प्रमुख सकळ लिपि. ती रवळोबासांची म्हणून मानली जाते. तिच्याखेरीज सुंदरी, अंक, शून्य, वज्र अशा आणखी लिप्या झाल्या. मूळ रीत मूलदेवीयाचीच: एका अक्षराच्या जागीं दुसरें चिन्ह.

कारणें अनेक सांगतात. राज्यें उलथत होतीं. ग्रंथ नष्ट होण्याची भीति होती. परक्यांच्या हातीं वचनांची विटंबना होईल किंवा त्यांत भलताच मजकूर घुसडला जाईल, ही शंका होती. यांतलें एकही कारण क्षुल्लक नव्हे. परंतु परिणाम काय झाला तोही पाहिला पाहिजे. ग्रंथ राखले गेले, पाठ शुद्ध राहिले. पण पंथाबाहेरच्या मराठी वाचकास आपल्याच भाषेंतलें आद्य गद्य सुमारें साडेपांचशें वर्षे अपरिचित राहिलें. ज्यांचे ग्रंथ वाचतां येत नाहींत त्यांच्याविषयीं वाटेल तें बोलतां येतें. तसें लोक बोललेही, आणि पंथास अकारण निंदा सोसावी लागली. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं सकळ लिपीची उकल लोकांपुढें मांडली, पंथांतील कांहीं महंतांनीं उदार मनानें पोथ्या दाखविल्या, तेव्हां हा ठेवा उघड झाला. कुलुपानें धन राखलें खरें, पण घरच्यांपासूनही राखलें.

एवढें मात्र ध्यानांत असूं द्यावें कीं, हें कुलूप अक्षरास होतें, आवाजास नव्हे. अक्षर सुटें असतें. एक काढून दुसरें ठेवतां येतें. आवाज ही अखंड लाट आहे. तींत अदलाबदल करावी तरी कशाची? १८७६ मध्यें ग्रॅहॅम बेलनें टेलिफोनचें पेटंट घेतलें, पुढें बिनतारी संदेशानें समुद्र ओलांडले, आणि ही अडचण राष्ट्रांच्या जिवावर बेतली. तारेवरचें बोलणें ऐकावयास तार तरी गांठावी लागते. आकाशांतून जाणारें बोलणें शत्रू आपल्या घरीं बसून ऐकतो.

पहिला उपाय पोरांच्या ‘च’च्या भाषेसारखाच होता. आवाजांतला उंच सूर खालीं आणि खालचा वर, अशी उलटापालट करावयाची. सरावलेला कान ही उलटी वाणीही कांहीं दिवसांत समजूं लागतो, असें आढळलें. मग अमेरिकेंत आवाजाचे पांच पट्टे करून ते आपसांत बदलण्याचें आणि कांहीं उलटे करण्याचें यंत्र वापरांत आलें; त्यास ए-३ म्हणत. दुसऱ्या महायुद्धांत चर्चिल आणि रूझवेल्ट अटलांटिक महासागरापलीकडून एकमेकांशीं बोलत ते याच कुलुपाच्या भरंवशावर. इकडे जर्मनीच्या टपालखात्यानें हॉलंडच्या किनाऱ्यावर ठाणें घालून तें कुलूप १९४२ मध्येंच उघडलें होतें. मुसोलिनी पदच्युत झाल्यावर २९ जुलै १९४३ रोजीं या दोन पुढाऱ्यांचें इटलीविषयीं बोलणें झालें, तेंही जर्मनांनीं ऐकलें. ‘आपणांस कोणी ऐकत नाहीं’ या समजुतीनें मनुष्य अधिक मोकळें बोलतो. म्हणून कच्चें कुलूप हें उघड्या दारापेक्षां घातक.

खरा उपाय त्याच महिन्यांत कामास लागला होता. १५ जुलै १९४३ रोजीं वॉशिंग्टन आणि लंडन यांच्यामध्यें बेल टेलिफोन प्रयोगशाळेचें ‘सिगसॅली’ यंत्र सुरू झालें. एका टोकाचें यंत्र चाळीस कपाटांचें, वजनानें सुमारें ५५ टन. लंडनांत तें ऑक्सफर्ड रस्त्यावरील सेल्फ्रिजेस या दुकानाच्या तळघरांत बसविलें होतें. त्याची युक्ति समजावून घेण्यासारखी आहे. होमर डडली या संशोधकानें दाखविलें होतें कीं, संबंध आवाज पाठविण्याचें कारण नाहीं. निरनिराळ्या दहा पट्ट्यांत आवाजाचा जोर किती आणि मूळ सूर कोणता, एवढें कळविलें तरी पलीकडचें यंत्र बोल पुन्हा घडवूं शकतें. ही मोजणी सेकंदास ५० वेळां करावयाची आणि प्रत्येक पट्ट्याचा जोर ० ते ५ या सहा अंकांपैकीं एका अंकानें सांगावयाचा. येथें अखंड लाटेचे सुटे अंक झाले. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचें तर, आवाजास अक्षरें लाभलीं. आणि अक्षरें लाभतांच जुनी अक्षरविद्या त्यास लागूं झाली.

आतां प्रत्येक अंकांत एक गुप्त अंक मिळवावयाचा, आणि बेरीज सहा किंवा अधिक झाली तर सहा वजा करावयाचे. बोलण्याचा अंक ५ आणि गुप्त अंक ३ असेल तर बेरीज ८, म्हणून २ पाठवावा. पलीकडे २ मधून ३ वजा केले कीं उणा १ येतो. त्यांत सहा मिळविले कीं पुन्हा ५. मधल्या चोरास फक्त २ दिसतो, आणि त्यामागें सहांपैकीं कोणताही अंक असूं शकतो. हे गुप्त अंक विजेच्या नळ्यांतील निरर्थक खरखरीवरून घेऊन ग्रामोफोनच्या तबकड्यांवर उतरविलेले असत. एका तबकडीवर १२ मिनिटांची किल्ली. तिची जोड पलीकडच्या टोकास. वापर झाला कीं दोन्हीं नष्ट करावयाच्या. दोन तबकड्या महासागराच्या दोन तीरांवर अगदीं एकाच क्षणीं एकाच जागीं फिरल्या पाहिजेत. आमच्या आजोबांची आणि काकांची जी चूक झाली ती येथें एका क्षणापुरतीही चालत नव्हती! हें बोलणें जर्मनांस उकललें नाहीं.

ॲलन ट्यूरिंग हा इंग्रज गणिती १९४३ च्या आरंभीं बेल प्रयोगशाळेंत जाऊन ही विद्या पाहून आला आणि परत गेल्यावर त्यानें ‘डिलायला’ नांवाचें फार लहान यंत्र घडविलें. तें पुरें होईतों युद्धच संपलें. किल्ली खरोखर यदृच्छेची, संदेशाइतकी लांब आणि एकदांच वापरलेली असेल तर ती कोणत्याही बुद्धीनें फुटणार नाहीं, हें क्लॉड शॅनननें गणितानें सिद्ध केलें आणि १९४९ मध्यें प्रसिद्ध केलें. सिगसॅलीची हकीकत मात्र अमेरिकेनें १९७६ पर्यंत दडवून ठेवली. महानुभावांच्या पोथ्यांप्रमाणें कुलुपाची कथाही कुलुपांतच राहिली.

त्या ५५ टनांचें काम आज सर्वांच्या खिशांतलें यंत्र करतें. भारतांत मोबाईलवरचें पहिलें बोलणें ३१ जुलै १९९५ रोजीं झालें. त्या पद्धतींत आवाजाचे अंक होतात आणि त्यांस कुलूपही लागतें. पण तें हातांतल्या यंत्रापासून मनोऱ्यापर्यंतच. पुढें कंपनीच्या यंत्रणेंत बोल उघडा असतो, म्हणजे ट्रंक कॉल लावून देणारा मनुष्य गेला तरी त्याची जागा रिकामी झाली नाहीं. ५ एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपनें सर्व संभाषणांस एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुलूप लावलें. किल्ली फक्त दोन बोलणारांच्या यंत्रांत. तेव्हां प्रथमच बीडच्या शेतकऱ्यास आणि त्याच्या पुण्यांतल्या मुलीस चर्चिल-रूझवेल्टांच्या तोडीचा एकांत मिळाला. कोण कोणाशीं केव्हां बोललें, एवढें अजूनही लपत नाहीं. काय बोललें तें लपतें.

यावर सरकारें म्हणतात, अशा कुलुपामागें चोर आणि घातपाती लपतात. हें खोटें नाहीं. १८८५ च्या तारायंत्र कायद्यानें सरकारास संदेश अडविण्याचा अधिकार दिला होता. त्या कायद्याची जागा आतां २०२३ च्या दूरसंचार कायद्यानें घेतली आहे आणि अधिकार कायम आहे. परंतु टेलिफोनवरील संभाषण हा मनुष्याच्या खाजगी जीवनाचा भाग आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९६ मध्यें ठरविलें. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खाजगीपणास मूलभूत हक्क म्हटलें. आणि २०१९ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें सार्वजनिक सुरक्षिततेचें कारण नसतां फोन ऐकण्याचे काढलेले हुकूम रद्द केले. म्हणजे राज्यास कान असावेत, पण त्यांस कायद्याचा पडदा असावा, इतकें तरी निश्चित झालें आहे. प्रत्येक कुलुपाची एक जादा किल्ली सरकारापाशीं असावी, ही सूचना मात्र आम्हांस पटत नाहीं. जादा किल्ली एकदां घडली कीं ती कोणाच्या हातीं जाईल, हें घडविणाराच्या हातीं राहत नाहीं. ए-३ चें कुलूप ज्यांनीं घडविलें त्यांनाही तें कोणी उघडलें हें वेळीं कळलें नाहीं.

पांचाळेश्वराच्या घाटावर उभें राहिलें म्हणजे या साऱ्या इतिहासाचीं दोन्हीं टोकें एकत्र दिसतात. म्हाताऱ्या बायांस कळावें म्हणून बोल मराठींत ठेवणारेही तेच, आणि परक्यास कळूं नये म्हणून लिपि बदलणारेही तेच. यांत विसंगति नाहीं. कोणास कळावें आणि कोणास कळूं नये, हें ज्याचा बोल त्यानें ठरवावें, एवढाच दोहोंचा अर्थ. कुलूप वाईट नाहीं आणि उघडें दारही वाईट नाहीं. किल्ली धन्याच्या कमरेला असली म्हणजे झालें. आमच्या आजोबांस याहून अधिक कांहीं नको होतें. लेकीच्या लग्नाची बातमी आळीला आपण सांगावी, इतकीच त्यांची इच्छा होती.